सुई, दाभण आणि गोण : बंजारा तांड्याने स्वतः शिवलेले प्रवासाचे सामान

१/
परभणी जिल्ह्यातील जिंतूर किंवा गंगाखेडकडच्या एखाद्या तांड्यावर, वयस्क बाईच्या पेटीत तळाशी जपून ठेवलेली कापडी कोथळी अजूनही आढळते. कडेने कवड्या, मध्ये आरसे, आणि बोट ठेवायला जागा नाही इतके दाट टाके. संग्रहालयात अशी वस्तू दिसली की तिच्याखाली ‘भरतकाम’ एवढेच लिहिलेले असते. मुळात मात्र ती प्रवासात वापरायची वस्तू होती. हा धागा तिच्या त्या पहिल्या उपयोगाविषयी आहे.

२/
बंजारा, लमाण, लंबाडा, लंबाणी, गोर ही एकाच समाजाची वेगवेगळ्या प्रदेशांतील नावे. ‘बंजारा’ हा शब्द सामान्यतः ‘वणिज’ या व्यापारवाचक शब्दाशी जोडला जातो, तर ‘लमाण’ हा ‘लवण’ म्हणजे मिठाशी. दोन्ही व्युत्पत्ती एकाच व्यवसायाकडे बोट दाखवतात. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून शेकडो मैल नेणे, हा तो व्यवसाय. चालत्या वस्तीला ‘तांडा’ म्हणत आणि तिच्या प्रमुखाला ‘नायक’.

३/
या व्यवसायाचा आवाका आज कल्पनेत मावत नाही. इंग्रज प्रवासी पीटर मंडी १६३२ मध्ये आग्र्याहून पाटण्याकडे जात असताना त्याला वाटेत एक तांडा भेटला. त्यात धान्याने लादलेले १४,००० बैल होते. बायका-मुले सोबतच चालत होती. असे तांडे दिवसाकाठी सहा-सात मैलांहून अधिक चालत नसत, कारण बैलांना वाटेत चरायला वेळ द्यावा लागे.

४/
त्याच शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए यानेही दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला, तर तो पूर्ण निघून जाईपर्यंत इतर प्रवाशांना दोन-तीन दिवस थांबावे लागे, असे तो सांगतो. वाहतुकीची कोंडी ही काही आजची गोष्ट नाही.

५/
या प्रवाशांनी बैल मोजले. पण चौदा हजार लादलेले बैल म्हणजे निदान चौदा हजार गोणी. त्याखेरीज पाठीवरच्या गाद्या, म्होरक्या, दोर, झुली, माणसांचे कपडे, अंथरुणे आणि पिशव्या. चालत्या वस्तीला दुकान नसते आणि शिंपीही नसतो. रानात शिवण उसवली तर ती तिथेच, आपल्याच हाताने सांधावी लागते. हे सामान शिवणाऱ्या हातांची गणती मात्र कोणी केली नाही.

६/
आधी ‘गोण’ हा शब्द पाहू. पाणिनीच्या अष्टाध्यायीत ‘गोणी’ हा शब्द सामान भरण्याच्या थैलीच्या अर्थाने येतो. म्हणजे हा शब्द किमान दोन हजार वर्षांहून जुना आहे. मराठीतील ‘गोणपाट’ त्यातूनच आला. इंग्रजीत पोत्याच्या कापडाला ‘गनी’ म्हणतात, तोही याच शब्दाचा वंशज. भारतीय भारवाहकांची ही वस्तू नावासकट जगभर गेली.

७/
बैलावरची गोण आजच्या पोत्यासारखी नव्हती. ती पाठीवर आडवी टाकली जाई आणि दोन्ही बाजूंना भरलेला भाग लोंबत राही. दोन्हीकडचे वजन सारखे नसेल तर ती एका बाजूला सरके आणि बैलाची पाठ सोलून निघे. ताग-अंबाडीसारख्या जाड तंतूंचे कापड साध्या सुईला दाद देत नाही. त्यासाठी दाभण आणि सुतळी लागे. रोज सकाळी लादायचे आणि रोज मुक्कामी उतरवायचे, त्यामुळे सगळा ताण शिवणीवर येई.

८/
चाकाची गाडी सोडून बैलाची पाठ का? परभणीच्या जमिनीत याचे उत्तर आहे. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यांतील काळी माती कापसाला उत्तम, पण पाऊस पडला की तिचा चिकट चिखल होतो आणि गाडीचे चाक आसापर्यंत रुतते. पक्क्या सडका आणि पूल नसलेल्या काळात घाट, नाले आणि रानवाटा पार करायला पाठीवरचा माल अधिक भरवशाचा होता.

९/
भर पावसाळ्यात मात्र तांडाही थांबे. नद्यांना पूर, वाटा बंद. उंचवट्यावरचे, चाऱ्या-पाण्याचे ठिकाण पाहून दोन-तीन महिने मुक्काम पडे. शिवणकामाला सलग वेळ मिळे तो साहजिकच याच काळात. फाटलेल्या गोणी सांधणे, नव्या तयार करणे, अंथरुणे जोडणे, लग्नाच्या मुलीसाठी कोथळ्या शिवणे, हे सारे पाऊस उघडून वाट मोकळी होण्याआधी उरकावे लागे.

१०/
आता ती लहान कोथळी. पैसे, सुपारी, तंबाखू, सुईदोरा, औषधी मुळ्या अशा नित्य लागणाऱ्या वस्तू अंगावर बाळगण्यासाठी तिचा उपयोग. तिची रचना पाहण्यासारखी आहे. कापडाचे दोन-तीन थर एकमेकांवर ठेवून त्यांतून बारीक धावदोरा घातलेला असतो. थर सुटत नाहीत, कापड ताठ राहते आणि काट्याने एक थर फाटला तरी खालचा शाबूत असतो. गोधडीचे तत्त्व तळहाताएवढ्या जागेत वापरलेले दिसते.

११/
या थरांवर मग भरतकाम येते. कापडाचे उभे-आडवे धागे मोजून घातलेले टाके चौकोन आणि त्रिकोण घडवत जातात. छापा नाही, आधी काढलेली नक्षी नाही, सारी मोजणी डोळ्यांत. सर्वांत दाट टाके कडेला आणि बंद जोडलेल्या जागी असतात, कारण पिशवी झिजते ती तिथेच. शोभा आणि बळकटी अशी वेगळी वाटणी करणाऱ्या डोळ्यांना ही गोष्ट सहज निसटते.

१२/
कडेच्या कवड्यांनाही इतिहास आहे. त्या मुख्यतः मालदीवच्या समुद्रातून येत आणि भारताच्या मोठ्या भागात शतकानुशतके चिल्लर नाणे म्हणून चालत. समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या मराठवाड्यात कवडी पोहोचली ती व्यापाराच्या वाटेने. ती बाळगणारा समाज त्याच वाटेवर जगत होता. पिशवीच्या तोंडाशी लावलेली कवडी वजनाने तोंड खाली ठेवते आणि कापडाची कड झिजू देत नाही.

१३/
बैलांच्या साजाचीही अशीच उपयुक्तता. कपाळावरून डोळ्यांपर्यंत लोंबणारे गोंडे चालताना हलतात आणि माश्यांना बसू देत नाहीत. गळ्यातील घंटांचा नाद अंधारात किंवा धुक्यात मागच्या बैलांना दिशा सांगतो. पाठीवरची जाड गादी गोणीचा घास लागू देत नाही. यांतील कापडी साज घरचे लोकच शिवत. पोळ्याला बैल सजवणाऱ्या कोणत्याही मराठी घराला या वस्तू अनोळखी वाटणार नाहीत.

१४/
तांड्याचा एक बैल ओझ्यातून कायमचा मुक्त असे. वऱ्हाडातील बंजाऱ्यांविषयी लिहिणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्याचे नाव ‘हटादिया’ असे नोंदवले आहे. तो बालाजीला वाहिलेला असे. तांबड्या रेशमी पट्ट्या, कवड्या आणि पितळी घंटा यांनी तो सजवलेला असे आणि तांडा त्याच्या मागे चाले. कोणी आजारी पडले तर त्याच्याच पायांशी नवस बोलला जाई. तांड्याच्या साऱ्या श्रद्धेला शिवणकामाने दृश्य रूप दिले होते.

१५/
स्त्रियांचा पेहराव हाही मुळात चालण्याचा पेहराव. घेरदार फेटिया, पाठीवर बंदांनी बांधायची कांचळी, डोक्यावरून पाठीवर येणारी टुकरी. घेर मोठा असल्याने लांब पावले टाकता येतात, आणि जाड कापड काटेरी झुडपांपासून पायांचे रक्षण करते. डोक्यावर घागर ठेवण्यासाठी चुंबळ असते. तिला मागे लोंबणारी, कवड्यांनी जड केलेली भरजरी पट्टी जोडत.

१६/
सारेच काही तांड्यावर तयार होत नसे. कापड कोष्टी-साळ्यांकडून, नीळ आणि तांबडा रंग रंगाऱ्याकडून, चामड्याच्या वस्तू चर्मकाराकडून आणि लोखंड गावच्या लोहाराकडून येई. तांडा त्या बदल्यात मीठ आणि धान्य पोहोचवी. गावाबाहेर मुक्काम करणारा हा समाज गावाच्या अर्थव्यवहारात असा पूर्ण मिसळलेला होता. कच्चा माल गावाचा आणि जोडकाम तांड्याचे, अशी ती विभागणी होती.

१७/
रानातून चालायचे म्हणजे वन्य जनावरांशी गाठ आलीच. ब्रिटिशकालीन लेखनात बंजाऱ्यांच्या धिप्पाड कुत्र्यांचे आणि भाले घेऊन केलेल्या रानडुकरांच्या शिकारीचे उल्लेख येतात. ही कुत्री रात्री बैलांची आणि मालाची राखण करीत. शिकारीसाठी वेगळे, विकतचे साहित्य असा प्रकारच नव्हता. वाटेवर जे दोर, पट्टे आणि थैल्या वापरात होत्या, त्याच शिकारीलाही कामी येत.

१८/
या सामानावर साम्राज्ये चालली, हे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. शाहजहानच्या काळी आसफखानाच्या दख्खन मोहिमेला भंगी आणि जंगी या नायकांनी १,८०,००० बैलांनिशी रसद पुरवली आणि त्यांना चाऱ्या-पाण्याच्या हक्काचा ताम्रपट मिळाला, अशी बंजारा परंपरा सांगते. आकडा परंपरेतला आहे. पण फौजेला बंजाऱ्यांवाचून दख्खनमध्ये शिरता येत नव्हते, हे मात्र पुढच्या शतकांच्या कागदपत्रांवरूनही दिसते.

१९/
परभणीला लागून असलेल्या आजच्या जालना जिल्ह्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईची लढाई झाली. मराठ्यांविरुद्ध लढणारा इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली याच्या त्या काळातील पत्रांत ‘ब्रिंजारी’ वारंवार येतात. त्यांचे बैल कधी पोहोचतील, धान्य किती दिवस पुरेल, हीच त्याची चिंता. पुढे वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणाऱ्या या सेनापतीची फौज दख्खनमध्ये तांड्याच्या गोणींवर अवलंबून होती.

२०/
मग १८५३ हे वर्ष आले. त्या वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी आगगाडी धावली, आणि त्याच वर्षी निजामाने वऱ्हाडचा कापूसपट्टा कंपनी सरकारच्या ताब्यात दिला. तोवर वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. आता तो मुंबईला आणि पुढे इंग्लंडच्या गिरण्यांना हवा होता, आणि तोही लवकर. बैलाची सहा-सात मैलांची चाल या घाईत बसणारी नव्हती.

२१/
गोणीवरही घाव पडला. १८५५ मध्ये कलकत्त्याजवळ रिश्रा येथे तागाची पहिली गिरणी सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत यंत्राने विणलेली, यंत्राने शिवलेली पोती स्वस्तात मिळू लागली. दाभणाने आठवडा खर्चून शिवायची वस्तू काही आण्यांत बाजारात आली. एका बाजूने वाहतूक गेली, दुसऱ्या बाजूने वाहतुकीचे साधन घडवण्याची गरजही गेली.

२२/
परभणीत हा बदल जवळपास अर्धशतक उशिरा पोहोचला. निजामाच्या राज्यातील हैदराबाद–मनमाड हा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. पूर्णा, परभणी, मानवत रोड, सेलू अशी स्थानके उभी राहिली आणि कापसाच्या पेठा त्यांच्याभोवती वाढल्या. याच काळात १८९९–१९०० चा मोठा दुष्काळ पडला. चारा-पाणी नसताना बैल जगवणे अशक्य झाले. ज्यांची उपजीविका बैलांवर होती, त्यांच्यावर हे दोन्ही आघात एकदम कोसळले.

२३/
कायद्यानेही पाठ सोडली नाही. १८७१ च्या ‘गुन्हेगार जमाती’ कायद्याने फिरत्या समाजांकडे जन्मतः संशयित म्हणून पाहण्याची पद्धत रूढ केली. वेगवेगळ्या भागांत बंजाऱ्यांचे गटही त्या नजरेखाली आले. एके काळी ज्या फिरण्यावर फौजा पोसल्या, तेच फिरणे आता पोलिसांच्या नोंदवहीत गेले. हा कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा समाज आजही ‘विमुक्त जाती’ या प्रवर्गात आहे. या नावातच तो इतिहास साठलेला आहे.

२४/
तांडे हळूहळू डोंगरकडेला, पडीक जमिनीवर स्थिरावले. ‘तांडा’ हा शब्द चालत्या काफिल्याऐवजी वस्तीचे नाव झाला. गोण आणि पाठीवरच्या गाद्या निरुपयोगी झाल्या. त्या झिजल्या, फाटल्या, कोणी जपल्या नाहीत. उरल्या त्या लग्नात द्यायच्या कोथळ्या, रुमाल आणि सणाचे कपडे. आज संग्रहालयांत जे दिसते ते या उरलेल्या भागातून आलेले. त्यामुळे बंजारा शिवणकाम म्हणजे केवळ अलंकार, असा समज पक्का झाला.

२५/
१९५६ मध्ये हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगण आंध्र प्रदेशात गेले, उरलेला भाग आजच्या कर्नाटकात. एकच समाज आज महाराष्ट्रात विमुक्त जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती आणि कर्नाटकात अनुसूचित जाती म्हणून नोंदला जातो. तिन्हीकडच्या बायकांच्या हातातील कवडी, आरसा आणि मोजीव टाका यांचे नाते मात्र पाहताक्षणी ओळखू येते.

२६/
कर्नाटकातील संडूर येथे या कामाला नवा आधार मिळाला. तिथल्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे. किलन, वेले, माकी, नकरा अशी टाक्यांची नावे तिथे नोंदली गेली आहेत. जुलै २०२३ मध्ये हंपी येथे जी-२० च्या बैठकीनिमित्त मांडलेल्या १,७५५ लंबाणी वस्तूंच्या प्रदर्शनाची गिनीज विक्रमात नोंद झाली. परभणीच्या तांड्यांवरील कोथळीला असा मान अद्याप लाभलेला नाही.

२७/
परभणीत या समाजाची एक ठळक खूण आहे, ती वेगळ्या क्षेत्रात. १९७२ मध्ये, ऐन दुष्काळाच्या वर्षी, येथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्या वेळी मुख्यमंत्री होते पुसदजवळच्या गहुली तांड्यावर जन्मलेले वसंतराव नाईक. पुढे विद्यापीठाला त्यांचेच नाव देण्यात आले. धान्य वाहणाऱ्या समाजातील माणसाचे नाव धान्य पिकवण्याची विद्या शिकवणाऱ्या संस्थेला लाभले.

२८/
प्रवास अजून संपलेला नाही. दसरा-दिवाळी झाली की जिंतूर, गंगाखेडकडच्या तांड्यांवरून ऊसतोडणीसाठी कुटुंबे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. सोबत कोयता, भांडी, अंथरुणे आणि कोपीवर टाकायला प्लास्टिकचा कागद. पावसाळ्यानंतर बिऱ्हाड उचलून चालू लागण्याचे जुने वेळापत्रक तेच आहे. फरक इतकाच की पूर्वी माल आणि बैल त्यांचे होते, नायक त्यांचा होता. आता उचल मुकादमाची असते.

२९/
म्हणून ती कोथळी पुन्हा हातात घेतली तर आधी उलटी करून पाहावी. मागच्या बाजूला आरसे नाहीत, कवड्या नाहीत. दिसतात फक्त थर, गाठी आणि कडेला दुहेरी घातलेले टाके. दख्खनच्या इतिहासात वाटा, फौजा आणि पेठा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. ज्या स्त्रियांनी ती वाट चालण्याजोगी केली, त्यांनी कागदावर काही लिहिले नाही. त्यांच्या कामाचा पुरावा या उलट्या बाजूवर आहे. ज्यांच्या घरी अशी कोथळी असेल, त्यांनी ती विकण्याआधी ती कोणी, कुठे आणि कशासाठी शिवली, हे आजीला विचारून लिहून ठेवावे.